गाण्याची नक्कल आणि गाणाऱ्याचे नाव



कलावंताच्या गाण्याची नक्कल गावोगाव पसरली, तर त्यात त्याचे नुकसान आहे की लाभ, हा वाद ध्वनिमुद्रणाच्या धंद्याइतकाच जुना आहे. ग्रामोफोनच्या तबकडीच्या काळात तो फारसा पेटला नाही. कारण तबकडी घरच्या घरी तयार करणे कोणालाच शक्य नव्हते. पुढे कॅसेट आली आणि एका कॅसेटवरून दुसरी भरून घेणे शाळकरी मुलालाही जमू लागले. तथापि, त्या नकलेस वेळ लागे, प्रत्येक नकलेगणिक आवाज थोडा मंदावत जाई आणि कोरी कॅसेट विकत घ्यावी लागे. १९९९ च्या जून महिन्यात अमेरिकेत नॅपस्टर ही सेवा सुरू झाली आणि या अडचणी जवळजवळ नाहीशा झाल्या. नक्कल फुकट झाली, कितीही हात बदलले तरी ती तितकीच स्वच्छ राहू लागली आणि कधी न पाहिलेल्या माणसाच्या संगणकातूनही मिळू लागली.

नॅपस्टर तिच्या मूळ रूपात जेमतेम दोन वर्षे चालली. परंतु तिने उभा केलेला प्रश्न मिटलेला नाही. ज्याच्या पाठीशी मोठी कंपनी नाही, जो पदरचे पैसे घालून किंवा एखाद्या लहानशा कंपनीच्या आधाराने आपली गाणी ध्वनिमुद्रित करतो आणि बहुधा आपणच ती विकतो, अशा स्वतंत्र कलावंताचे या फुकट देवघेवीत हित झाले की अहित, हा तो प्रश्न होय. तो अमेरिकेतील रॉक गायकांपुरता मर्यादित नाही. जत्रेत गाणारा शाहीर, भारुडाचे पथक, भीमगीते गाणारी मंडळी, या सर्वांना तो लागू पडतो. मात्र त्याची जितकी छाननी अमेरिकेत झाली तितकी अन्यत्र झालेली नाही, म्हणून आरंभ तेथूनच करणे इष्ट ठरते.

प्रथम हे सारे घडून आले कसे, ते पाहू. कॉम्पॅक्ट डिस्कवरील चार मिनिटांचे गाणे सुमारे ४० मेगाबाइट जागा व्यापते. त्या वेळच्या दूरध्वनीच्या तारेवरून ते आणावयाचे तर दोन तासांच्या आसपास लागत. जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्झ ब्रान्डेनबर्ग आणि त्यांचे सहकारी यांनी मानवी कानाच्या एका मर्यादेचा उपयोग करून घेतला. मोठा आवाज चालू असताना त्याच्या लगतचा बारीक आवाज कानाला जाणवत नाही. जो ऐकूच येत नाही तो साठवून ठेवावयाचा कशाला, या विचारातून एमपी-३ ही पद्धत सिद्ध झाली. तिच्यामुळे तेच गाणे सुमारे ४ मेगाबाइटमध्ये मावू लागले आणि दहा-अकरा मिनिटांत घरी येऊ लागले.

नॅपस्टरची युक्ती यापुढची होती. अशी कल्पना करावी की, एखाद्या गावात ग्रंथालयाची इमारत नाही. पुस्तके ज्याच्या त्याच्या घरी आहेत. मात्र कोणते पुस्तक कोणाकडे आहे याची नोंदवही चावडीत ठेवलेली आहे. ज्याला हवे त्याने नोंदवही पाहावी आणि थेट त्या घरी जावे. नॅपस्टर ही अशी नोंदवही होती. गाणी तिच्याजवळ नव्हतीच. फरक इतकाच की, पुस्तक दिले म्हणजे ते देणाऱ्याच्या घरातून जाते. येथे गाणे देणाऱ्याकडेही राही आणि घेणाऱ्याकडेही जाई.

मोठ्या कंपन्यांनी डिसेंबर १९९९ मध्ये दावा लावला. एप्रिल २००० मध्ये मेटॅलिका या प्रसिद्ध वाद्यवृंदानेही न्यायालयात धाव घेतली. त्यांच्या तक्रारीतील एक मुद्दा सहसा विसरला जातो, आणि तो पैशाचा नाही. त्यांचे एक गाणे प्रसिद्ध होण्यापूर्वीच, अपुऱ्या अवस्थेत बाहेर पडून रेडिओवर वाजू लागले होते. आपली कृती पुरी झाली की नाही हे ठरविण्याचा कलावंताचा अधिकारच त्यात गेला. पुढे मे महिन्यात त्यांनी ३,३५,४३५ वापरकर्त्यांच्या नावांची यादी नॅपस्टरच्या कचेरीत नेऊन दिली. रसिकांना ती रुचली नाही, हे सांगावयास नको. फेब्रुवारी २००१ मध्ये अपील न्यायालयाचा निर्णय नॅपस्टरविरुद्ध गेला आणि जुलैमध्ये सेवा बंद पडली. चावडीतील नोंदवही उचलून नेली की व्यवहार थांबतो. परंतु तोपर्यंत नोंदवहीच लागत नाही अशा नव्या पद्धती निघाल्या होत्या. २००५ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, हक्कभंगास उत्तेजन देण्याच्या हेतूने असे साधन पुरविणारा त्यास जबाबदार ठरतो, असा एकमताने निवाडा दिला. कायदेशीर काय, याचा निकाल याप्रमाणे लागला. लहान कलावंताच्या हिताचे काय, हा मुद्दा न्यायालयापुढे नव्हताच.

मोठ्या कंपन्या कलावंताच्या नावाने बोलत होत्या, तेव्हा त्यांच्या करारांकडेही पाहावयास हवे. प्रचलित पद्धतीनुसार कंपनी कलावंतास आगाऊ रक्कम देई. विक्रीवरील त्याचा वाटा साधारणतः दहा-बारा टक्क्यांच्या घरात असे. ती आगाऊ रक्कम, ध्वनिमुद्रणाचा खर्च आणि जाहिरातीचा काही भार त्या वाट्यातूनच वळता होई. परिणामी, हजारो प्रती विकल्या गेल्या तरी गायकाच्या खात्यावर बाकी निघे ती देण्याचीच. आपल्याकडील सालगड्याच्या हिशेबाची आठवण व्हावी असा हा प्रकार होता. जॅनिस इयान या नामवंत गायिकेने २००२ मध्ये एका लेखात हे उघडपणे मांडले. १९७५ मध्ये गाजलेल्या ‘अ‍ॅट सेव्हन्टीन’ या गीताची ही कर्ती. सदतीस वर्षांच्या कारकिर्दीत, कंपनीचे आपल्याकडे काही येणे निघत नाही असा एकही हिशेब आपल्या हाती पडला नाही, असे तिने लिहिले. त्यानंतर तिने आपल्या संकेतस्थळावर काही गाणी फुकट ठेवली आणि तिच्या ध्वनिमुद्रिकांची थेट विक्री वाढली, असा तिचा अनुभव आहे. ज्यास विक्रीतून काही मिळतच नव्हते, त्याचे नकलेने काय बुडणार, हा तिचा सवाल बिनतोड आहे. परंतु तिचे नाव पंचवीस वर्षांपूर्वीच घरोघरी पोहोचलेले होते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. नवख्याची गोष्ट निराळी.

अर्थशास्त्रज्ञांनीही या विषयात पुष्कळ परिश्रम घेतले. फेलिक्स ओबरहोल्झर-गी आणि कोलमन स्ट्रम्फ यांचा २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास विशेष गाजला. त्यांची क्लृप्ती मनोरंजक होती. जर्मनीतील शाळांना सुट्टी लागली की तेथील मुले संगणकापुढे बसत. त्यामुळे अमेरिकेतील लोकांना अधिक गाणी उपलब्ध होत. मग त्या आठवड्यांत अमेरिकेतील विक्री घटते काय? त्यांना लक्षात घेण्याजोगी घट आढळली नाही. उलट राफाएल रॉब आणि जोएल वाल्डफोगेल यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची पाहणी करून २००६ मध्ये दाखवून दिले की, पाच अल्बम फुकट उतरवून घेतले म्हणजे सुमारे एक अल्बम विकत घ्यावयाचा राहतो. हा वाद पुढेही चालू राहिला आणि १९९९ नंतर जगातील ध्वनिमुद्रिकांचे उत्पन्न सुमारे पंधरा वर्षे उतरत गेले, यावरून नुकसान झाले असे मानणाऱ्यांचा पक्ष बळकट दिसतो. पण या सरासरीत आपला प्रश्न बुडून जातो. सरासरी ही मोठ्यांचीच असते. कारण विक्रीचा बहुतेक भाग मोठ्यांचा असतो.

म्हणूनच हार्वर्ड विद्यापीठातील डेव्हिड ब्लॅकबर्न यांनी २००४ मध्ये केलेली मांडणी अधिक उपयोगी आहे. त्यांनी प्रसिद्ध आणि अप्रसिद्ध असे दोन वर्ग पाडले, तेव्हा चित्र दुभंगले. फुकट देवघेवीने प्रसिद्धांची विक्री घटत होती आणि अप्रसिद्धांची वाढत होती. त्याच वर्षी अमेरिकेतील प्यू संस्थेने सुमारे पावणेतीन हजार संगीतकारांना विचारले असता, ३५ टक्क्यांनी आपणास लाभ झाला असे सांगितले, ३७ टक्क्यांनी काही फरक पडला नाही असे सांगितले आणि केवळ नुकसानच झाले असे सांगणारे ५ टक्के निघाले. स्वतःहून उत्तर देण्यास पुढे आलेल्यांची ही पाहणी असल्याने तिच्यावर फार भार टाकता येत नाही. तरीही ज्यांच्या नावाने एवढा कलह माजला, ते स्वतः मात्र इतके घाबरलेले नव्हते, हे नोंदविण्यासारखे आहे.

यामागील कारण समजण्यास इंग्लंडमधील शेफील्डच्या आर्क्टिक मंकीज या तरुणांचे उदाहरण पुरेसे आहे. २००४ च्या सुमारास हे तरुण आपल्या कार्यक्रमांस आलेल्यांना स्वतः भरलेल्या सीडी फुकट वाटत. श्रोत्यांनी त्या इंटरनेटवर चढविल्या. काही महिन्यांतच असे घडू लागले की, ज्या गावी ते पूर्वी कधी गेले नव्हते, तेथील श्रोत्यांना त्यांची गाणी पाठ असत. जानेवारी २००६ मध्ये डॉमिनो या स्वतंत्र कंपनीने त्यांचा पहिला अल्बम काढला. बहुतेक गाणी फुकट मिळत असतानाही ब्रिटनमध्ये पहिल्या आठवड्यात त्याच्या ३,६३,७३५ प्रती खपल्या. पदार्पणाच्या अल्बमचा तो तेथील तोवरचा उच्चांक होता. या यशाने पुष्कळांचे डोळे दिपले आणि फुकट वाटा, म्हणजे भाग्य उजळेल, असा सोपा निष्कर्ष काढला गेला. तो बरोबर नाही. या तरुणांच्या बाबतीत दोन गोष्टी जुळून आल्या होत्या. वाटप त्यांनी स्वखुशीने केले होते. आणि गाणे ऐकणाऱ्यास ते कोणाचे आहे, हे कळत होते. तिकीट काढून ऐकावयास कोठे जावे हे त्यास ठाऊक होते.

यांपैकी एक जरी गोष्ट नसली तरी हिशेब उलटतो. समजा, एखाद्या गायकाने पदरमोड करून हजार सीडी काढल्या आणि खर्च भरून निघण्यास सातशे विकल्या जाणे अवश्य आहे. साडेआठशे विकल्या जाण्याजोग्या असताना नकलेपायी दोनशे घटल्या, तर मोठ्या कंपनीच्या दृष्टीने ती रक्कम नगण्य होय; या गायकाचे मात्र पुढचे ध्वनिमुद्रण त्यात राहून जाते. शिवाय प्रत्येक कलावंत रंगमंचावर जाणारा नसतो. कीर्ती वाढली म्हणजे गायकाला सुपाऱ्या अधिक मिळतात, हे तमाशा आणि ऑर्केस्ट्राच्या व्यवहारात सर्वांना माहीत आहे. गीत लिहिणाऱ्याला सुपारी कोण देणार? वार्धक्यामुळे ज्याचे फिरणे थांबले आहे अशा गायकाला, किंवा केवळ ध्वनिमुद्रणात वाजविणाऱ्या वादकाला, त्या कीर्तीचा काय उपयोग? नकलेने होणारा लाभ फिरत्या कलावंताकडे जातो आणि तोटा घरी बसलेल्याच्या वाट्यास येतो, ही गोष्ट या वादात फारशी बोलली गेली नाही.

आता नावाकडे वळू. कारण सारा लाभ त्यावरच अवलंबून आहे. एमपी-३ फाईलमध्ये मुळात गायकाच्या नावाची सोयच नव्हती. १९९६ मध्ये एरिक केम्प यांनी फाईलच्या शेवटी १२८ बाइटची एक छोटी चिठ्ठी जोडण्याची पद्धत काढली. तीत गाण्याच्या नावास ३०, कलावंतास ३० आणि अल्बमला ३० अक्षरांची जागा ठेवली होती. हजारो हात बदलत जाणाऱ्या गाण्याबरोबर गायकाची ओळख म्हणून जे काही जाई, ते एवढेच. देवनागरीचा विचार त्यात नव्हता. नंतर अधिक जागेच्या पद्धती आल्या, पण जागा असणे वेगळे आणि ती कोणी भरणे वेगळे.

महाराष्ट्रात या देवघेवीने घेतलेले रूप अनेकांच्या स्मरणात असेल. कॅसेटच्या युगाने येथे एक मोठे काम केले होते. त्यापूर्वी ध्वनिमुद्रण मुख्यतः मोठ्या कंपनीच्या आणि चित्रपटसंगीताच्या हाती होते. १९८० नंतर लहान लहान निर्माते उभे राहिले आणि कोळीगीते, भीमगीते, भारुडे, पोवाडे कॅसेटवर आले. गायकास बहुधा एकरकमी बिदागी मिळे आणि हिशेब तेथेच संपे. तरीही कॅसेटच्या वेष्टनावर त्याचे नाव आणि छायाचित्र असे. त्या वेष्टनावरील नाव वाचूनच जत्रा कमिटीची माणसे त्याचा शोध घेत येत. २०१० च्या आगेमागे तालुक्याच्या एसटी स्थानकाजवळ, मोबाइल रिचार्जच्या टपरीवर, थोड्या पैशांत मेमरी कार्ड भरून मिळू लागले. शेकडो गाणी एका बोटाच्या नखाएवढ्या तुकड्यावर आली, पण वेष्टन गेले. नावाच्या जागी पुष्कळदा ‘ट्रॅक ०१’ असे असे, किंवा ज्या संकेतस्थळावरून गाणे उचलले त्या संकेतस्थळाने तेथे आपलेच नाव चिकटविलेले असे. आवाज घराघरांत घुमला आणि तो कोणाचा, हे विचारण्याची सोय उरली नाही. पैसे मिळाले ते टपरीवाल्यास आणि संकेतस्थळास. शेफील्डच्या तरुणांना जे साधले ते येथील गायकास का साधले नाही, याचे उत्तर बहुतांशी त्या कोऱ्या जागेत आहे. त्याला वाटपाविषयी कोणी विचारलेही नव्हते.

सप्टेंबर २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले आणि मेमरी कार्डाच्या टपऱ्या ओस पडल्या. फाईल उतरवून घेण्याऐवजी गाणे थेट ऐकण्याची रीत रूढ झाली. येथे नाव असते आणि मोबदलाही असतो. मात्र तो इतका सूक्ष्म की, लहान कलावंतास तो हाती लागल्याचे कळतही नाही. स्पॉटिफाय या कंपनीने तर २०२४ पासून असा नियम केला की, मागील बारा महिन्यांत हजारांपेक्षा कमी वेळा ऐकल्या गेलेल्या गाण्यास ध्वनिमुद्रणाचा मोबदला मिळणार नाही. कायदेशीर मार्ग म्हणजे न्याय्य मार्ग, असे समजणाऱ्यांनी हा नियम अवश्य विचारात घ्यावा. याउलट २००८ मध्ये सुरू झालेल्या बँडकॅम्प या सेवेत कलावंत आपली किंमत आपण ठरवितो, गाणे बहुधा आधी फुकट ऐकू देतो, आणि विक्रीतील मोठा हिस्सा त्याच्याकडे जातो. साथीमुळे जगभर कार्यक्रम बंद पडले असता २० मार्च २०२० रोजी या सेवेने एक दिवस आपला हिस्सा सोडून दिला. त्या एका दिवसात रसिकांनी ४३ लाख डॉलरची खरेदी केली. फुकट ऐकावयास मिळाले म्हणजे माणूस पैसे देतच नाही, हे गृहीत त्या दिवशी तरी खोटे ठरले. देणाऱ्यास नाव दिसत होते आणि पैसे कोणाकडे जातील हे कळत होते.

या बाबतीत भारतीय कायदा अनेकांना वाटतो त्यापेक्षा पुढे गेलेला आहे. १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमात १९९४ च्या दुरुस्तीने सादरकर्त्याचा स्वतंत्र हक्क मान्य झाला. त्याची मुदत आज ५० वर्षे आहे. सादरकर्ता या शब्दाच्या व्याख्येत गायक, वादक व नर्तक यांच्याबरोबर कसरतपटू, जादूगार, गारुडी आणि व्याख्याताही येतो. परंपरागत ओवी किंवा भारूड यावर कोणा एकाची मालकी नसली, तरी ते गाणाऱ्याच्या त्या सादरीकरणावर त्याचा हक्क असतो, हे गावपातळीवर फारसे ठाऊक नाही. २०१२ च्या दुरुस्तीने दोन मोठी भर घातली. गीतकार आणि संगीतकार यांचा मोबदल्यातील वाटा कराराने काढून घेता येणार नाही, असे ठरले; राज्यसभेचे तत्कालीन सदस्य जावेद अख्तर यांनी त्यासाठी आग्रह धरला होता. दुसरी भर कलम ३८ ब मध्ये आहे. आपल्या सादरीकरणास आपले नाव जोडले जावे, अशी मागणी करण्याचा हक्क सादरकर्त्यास मिळाला, आणि बाकीचे हक्क विकून टाकले तरी हा त्याच्याजवळ राहतो.

शासकीय अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांचा या तरतुदींशी संबंध येतो तो स्वातंत्र्यदिन, ग्रामस्वच्छतेचा मेळावा, शाळेचे स्नेहसंमेलन अशा प्रसंगी. शासनाच्या किंवा स्थानिक संस्थेच्या अधिकृत समारंभात गाणे सादर करण्यास वा वाजविण्यास कायद्याने सूट दिलेली आहे. परंतु त्या समारंभात शाहिराचे जे गायन मोबाइलवर टिपले जाते, ते पुढे पेन ड्राइव्हवर भरून तालुक्यातील शाळांना वाटणे किंवा समूहांवर पाठविणे या सुटीत बसत नाही. त्यासाठी त्याची संमती लागते. ती मिळविणे अवघड नाही; कलावंत समोरच बसलेला असतो आणि बहुधा आनंदाने होकार देतो. आपले गाणे शंभर शाळांत ऐकले जावे, असे त्यालाही वाटतेच. अडचण येते ती पुढच्या पायरीवर. फाईलला नाव देताना कार्यक्रमाची तारीख आणि प्रमुख पाहुण्यांचे नाव आठवणीने घातले जाते. गाणाऱ्याचे नाव व गाव शोधण्यासाठी कार्यक्रमपत्रिका उघडावी, तर तीवर ‘स्थानिक कलापथक’ एवढेच छापलेले आढळते. ढोलकीवाला आणि झिलकरी यांची नावे तर पथकाच्या म्होरक्यालाच विचारावी लागतात, आणि तोवर त्यांची गाडी निघून गेलेली असते.